मुलांना रोप लावायला नको, सांभाळायला द्या

पाऊस पडला की आपल्या नागपुरात दरवर्षी वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात. मुलं रांगेत उभी राहतात, एकेक रोप मातीत जातं, फोटो निघतात, ग्रुपवर येतात. ते रोप मे महिन्यात जिवंत होतं का, हे कुणी विचारत नाही. मला हे फार खटकतं. रोप लावायला पाच मिनिटं लागतात. मुलाला जे काही मिळायचं असतं ते पुढच्या वर्षभरात मिळतं, आणि तेवढंच आपण त्याच्याकडून काढून घेतो.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे. घरात मूल असेल तर त्याला एक कुंडी द्या, अगदी त्याच्या मालकीची. पाणी त्यानं घालायचं, खत त्यानं, कीड पडली तर निर्णय त्याचा. आणि त्याचं लक्ष नाही म्हणून वाळायला लागली, तर आपण रात्री गुपचूप पाणी घालून वाचवायची नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला एवढं नक्की झेपतं.

माझ्या मुलीची कुंडी गोडलिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची आहे. गेल्या पावसाळ्यात त्यावर अळ्या आल्या. सुरुवातीला पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारख्या काळ्या-पांढऱ्या, मग मोठ्या होऊन हिरव्यागार. काडीनं जरा डिवचलं की डोक्यामागून तांबूस शिंगं बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. हे लिंबावरचं फुलपाखरू. आपल्याकडच्या संत्र्याच्या रोपवाटिकांत हीच अळी कोवळी पानं फस्त करते. मुलगी रडकुंडीला आली. “आबा, यांनी माझी सगळी पानं खाल्ली!” माझे वडील म्हणाले, “त्यायलेबी भूक लागते ना बेटा. झाड तुझं हाय, आता तूच सांग काय करायचं.”

तिनं बराच वेळ विचार केला. दोन अळ्या ठेवल्या आणि बाकीच्या खाली कंपाउंडमधल्या लिंबाच्या झाडावर नेऊन सोडल्या. ठेवलेल्या दोनपैकी एक बुलबुलानं उचलली. दुसरीनं फांदीला कोष केला. शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर, दप्तरही न काढता, ती तो कोष बघायची. एका सकाळी काळ्या पंखांवर पिवळे ठिपके असलेलं फुलपाखरू कोषाच्या रिकाम्या सालीला लटकून पंख वाळवत होतं. गोडलिंबालाही नंतर दुप्पट पालवी आली. कुणाला किती खाऊ द्यायचं, काय जाऊ द्यायचं, कशाची वाट बघायची, हे तिनं स्वतः ठरवलं. असं शिकायला मिळेल असा दुसरा वर्ग मला माहीत नाही.

हा विचार काही बाहेरून आलेला नाही. १९३७ साली आपल्या शेजारी वर्ध्यात गांधीजींनी नयी तालीमची मांडणी केली. हातानं केलेल्या कामातून शिक्षण, हा तिचा गाभा. सेवाग्रामच्या शाळेत मुलं सूत कातायची, भाजी पिकवायची, आणि गणित-विज्ञान त्यातूनच शिकायची. ते सेवाग्राम इथून ७५-८० किलोमीटरवर आहे. एवढा वारसा जवळ असताना आपण मुलांना कापसावर मटकी उगवायला लावून प्रोजेक्टचे गुण देतो, याचं मला वाईट वाटतं.

मातीत हात घातले की मूल आजारी पडेल, ही भीती पुष्कळ आयांना असते. फिनलंडमधल्या संशोधकांनी पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून टाकली, कुंड्या ठेवल्या आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांना तिथं खेळू दिलं. २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांची विविधता वाढली आणि रक्तात रोगप्रतिकारशक्ती सावरणारे चांगले बदल दिसले. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. मुलं थोडी होती, म्हणून त्यावरून सगळं सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण मातीचा बाऊ करण्याचं कारण नाही. धनुर्वाताची लस मात्र वेळेवर हवी: पाच-सहा वर्षांचा बूस्टर, मग १० आणि १६ व्या वर्षी. आणि जेवणाआधी साबणानं हात धुवायचेच.

आता मोठ्यांचं. नेदरलँड्समध्ये २०११ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. ३० जणांना आधी ताण येईल असं काम दिलं. मग निम्म्यांनी अर्धा तास बागकाम केलं, निम्म्यांनी घरात वाचन. ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल दोन्हीकडे उतरलं, पण बागेत जास्त. मनही बागेतल्यांचं पूर्ववत झालं, वाचणाऱ्यांचं नाही. हे वाचलं तेव्हा मला वडिलांची आठवण आली. निवृत्तीनंतर ते दिवसभर बातम्या बघत बसायचे आणि चिडचिड करायचे. आता गुडघे दुखतात म्हणून बुटक्या स्टुलावर बसून कुंड्यांची माती हलवतात. वाकणं, उठणं, झारी उचलणं, यातच हातापायांची हालचाल होऊन जाते. झोप सुधारली, असं ते स्वतःच सांगतात. पण हे माळी लावून होत नाही. माळ्यानं केलेली बाग सुंदर असते, पण मातीत हात माळ्याचे जातात.

नागपूरचं ऊन हा खरा प्रश्न आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की गच्चीचा स्लॅब इतका तापतो की कुंडीतली मुळं खालून भाजतात. म्हणून कुंड्या विटांवर ठेवा, हिरवी नेट बांधा, मातीवर पालापाचोळ्याचा जाड थर द्या. पाणी सकाळी सातच्या आत, आणि गरज असेल तर सूर्य बुडाल्यावर. मुलांनाही तेव्हाच बाहेर काढा. आपली काळी माती नुसतीच कुंडीत भरू नका. ओली झाली की ती फुगते, वाळली की दगडासारखी आवळते आणि भेगा पडतात. माती, शेणखत आणि वाळू समान भागात मिसळली की मुळांना हवा मिळते. हे मिश्रण मुलांनाच करू द्या, त्यांना ते फार आवडतं.

आणखी एक, महत्त्वाचं. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि त्यातून साधारण आठवड्या-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. आठवड्यातून एक दिवस ताटल्या, कूलरची टाकी, पक्ष्यांचं भांडं, सगळं रिकामं करून घासायचं. हे कामही मुलाला द्या.

काय लावायचं? लहानग्यांना मेथी, कारण तीन-चार दिवसांत कोंब दिसतो आणि धीर सुटत नाही. हिवाळ्यात सांभार (कोथिंबीर), धणे रगडून दोन फाका करून पेरायचे. भेदरं (टोमॅटो), वांगी कुंडीत छान येतात. जागा असेल तर पावसाळ्यात कोहळ्याचा वेल चढवाच. त्याची फुलं पहाटे उमलतात. मादी फुलाच्या मागे इवलंसं कोहळं असतं, नर फुलाचा देठ साधा. मधमाश्या कमी दिसल्या तर नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलावर लावायचा. परीक्षेच्या दिवशी न उठणारं मूल यासाठी सहा वाजता उठतं, हे मी घरी बघितलंय.

उन्हाळ्यात आम्ही मामाच्या गावी जातो, तेव्हा मुलीनं शेजारच्या मैत्रिणीशी ठरवलंय. ही नसताना ती हिच्या कुंडीला पाणी घालते, ती बाहेरगावी गेली की ही तिच्या तुळशीला. कुणी किती पाणी घालायचं, ते दोघींनी चिठ्ठीवर लिहून दारामागे लावून ठेवलंय.