लेणी चढाल तर भाषण पडेल

फोन कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी येतो. "सर, पुण्याच्या पाहुण्यांचं जमत नाहीये. 'नाशिकचा गौरवशाली इतिहास', चाळीस मिनिटं. आता तुम्हीच." लगेच हो म्हणा. इतिहासाशी तुमची शेवटची गाठ दहावीत पडली होती, ही अडचण नाही, सोय आहे. विषय येणारी माणसं 'याबद्दल मतभेद आहेत' असं म्हणत बसतात आणि त्यावर आजवर कोणी टाळी दिलेली नाही.

पथ्य एकच. नाशिकजवळच्या डोंगरातली पांडवलेणी, ही जुनी बौद्ध लेणी, चढायची नाहीत. हायवेवरून दिसतात तेवढी पुरेत. वर गेलात आणि दहाव्या लेण्यातला लेख कोणी वाचून दाखवला, की भाषणाचा निकाल लागला म्हणून समजा. शक राजा नहपानाचा जावई उषवदात तिथे चक्क हिशेब सांगत बसलाय. इथल्याच गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, त्याने ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले. २,००० एकीकडे, महिना शेकडा एक दराने. १,००० दुसरीकडे, पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २,००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) वर्षाला प्रत्येकी १२ कार्षापण. गुणाकार करून बघा. वर्षाचं व्याज २४०, आणि २० गुणिले १२ सुद्धा २४०. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब, पै न् पै जुळतो.

हे स्टेजवर चुकूनही काढू नका. समोरच्या निम्म्या मंडळींच्या ठेवी कुठल्या ना कुठल्या पतसंस्थेत अडकलेल्या असतात. शिवाय उषवदात पडला शकांचा माणूस, म्हणजे तुमच्या भाषणातला परकीय शत्रू. शत्रूने आपल्याच गावात व्याजी पैसे लावून दानधर्म करावा, हे गौरवशाली कसं वाटणार?

त्यापेक्षा तिसऱ्या लेण्यातली एकच ओळ उचला: सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, ज्याची वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्याली! इथे आवाज चढवा, थांबा, पाण्याचा घोट घ्या. टाळ्या येतातच. फक्त ही ओळ कोणाची, ते सांगू नका. ती त्याच्या आईची, गौतमी बलश्रीची. नातू पुळुमावीच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष चालू आहे आणि म्हातारी गेलेल्या मुलाचं कौतुक दगडात कोरून घेतेय. त्याच लेखात मुलाला 'एकबम्हण', म्हणजे एकमेव ब्राह्मण, म्हणते आणि लेणं मात्र बौद्ध भिक्षुसंघाला देते. आता हे कोणत्या बाजूच्या श्रोत्यांना सांगणार? दोन्हीकडचे उठून जातील आणि तुम्ही, निवेदिका आणि साउंडवाला एवढेच उराल.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी गावची नाणीही नकोत. १९०६ साली १३,००० हून जास्त सापडली, नहपानाची, आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप मारलेला. जिंकलेल्याने हरलेल्याचा पैसा वितळवलासुद्धा नाही, त्यावरच ठप्पा मारून चालवला. मला विचाराल तर सगळ्या भाषणात सांगण्यासारखं हेच. पण यात तलवार नाही.

काळाराम सत्याग्रह वगळता येत नाही, तेव्हा तो एका श्वासात उरका: '२ मार्च १९३०, बाबासाहेब, समता, पुढे जाऊ या.' तो सुमारे पाच वर्षं चालला आणि तरी मंदिराचं दार दलितांना उघडलं नाही, यावर रेंगाळू नका. दार कोणी धरून ठेवलं होतं, असा प्रश्न येऊ शकतो, आणि पहिल्या रांगेत कोणाकोणाचे नातू बसलेत ते तुम्हाला ठाऊक नसतं.

प्रश्नोत्तरांत एक आजोबा उठतील. मळकट पांढरी टोपी, खिशात चार घड्या घातलेली झेरॉक्स. शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक, हे तुम्ही नुकतंच रंगवून सांगितलेलं असतं. ते कागद उलगडून, डोळ्यांजवळ धरून म्हणतील, "एकोणिसाव्या लेण्यात 'नासिककेन' असं कोरलंय. सातवाहनांच्या कण्ह राजाच्या वेळचं. म्हणजे गावाचं नाव तेव्हापासून..." एवढ्यात आयोजक माईक काढून घेतील. "काका, प्रश्न विचारा, भाषण नको." चाळीस मिनिटं भाषण तुम्ही केलंत, हे तेवढ्या गडबडीत कोणाच्या ध्यानात येत नाही. शाल पांघरून घ्या, श्रीफळ फोटोत येईल असं धरा.

आजोबा चहाच्या टेबलाशी पुन्हा गाठतील. "रविवारी सकाळी सातला पायथ्याशी या. मी दाखवतो सगळं. दर रविवारी असतो मी." गुडघ्यांचं कारण सांगा. ते तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आहेत, तेव्हा गुडघा चोळताना त्यांच्याकडे बघू नका.