जातोइंग, घेतोइंग

जूनच्या सुरुवातीला ॲपलबीत घोड्यांचा बाजार भरतो. मँचेस्टरहून गाडीने दोनेक तास. पोरं ईडन नदीत घोडे धुत होती. काठावरच्या एका म्हाताऱ्याने नातवाला फर्मावलं, "जल अँड लेल सम पानी." जा, थोडं पाणी आण! माझे कान टवकारले.

ही अँग्लोरोमानी, इंग्लंडमधल्या रोमानी जिप्सींची बोली. त्यांचे पूर्वज भारतातून गेलेले, म्हणून शब्द ओळखीचे. नाकाला नाक, कानाला कान, सुरीला चुरी, मिठाला लोन (आपलं लोणचं आठवा). वाक्याचा सांगाडा मात्र पुरता इंग्रजी. 'जल', 'लेल' यांतला शेवटचा 'ल' एके काळी प्रत्यय होता: तो जातो, तो घेतो. आता तो गोठलाय आणि त्याच्यापुढे इंग्रजी 'इंग' लागतं. उद्या आपल्यात कुणी "ही इज जातोइंग" म्हणावं, तसं. देशात राहिले म्हणून जिप्सींना फाशी देणारा कायदा इथे १५५४ साली झाला होता. त्यातूनही शब्द तगले, प्रत्यय गेले. वेल्समधल्या काही घराण्यांनी प्रत्ययही जपले होते. जॉन सॅम्पसनने त्यांच्या रोमानीचं व्याकरण आणि कोश १९२६ साली छापला.

गावाकडच्या ग्रुपवर सध्या वेगळंच रडगाणं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाल्यापासून तर इंग्रजी शब्द दिसला की काका लाल शेरा मारतात. परवा भाच्याने लिहिलं, "मी ट्रेन मिस केली." झालं, मराठी बुडाली! अहो काका, 'केली' बघा ना. ट्रेन स्त्रीलिंगी, म्हणून 'केली'. उसन्या शब्दालाही मराठीने आपलं लिंग दिलं, कर्मणी प्रयोगात बसवलं. ही भाषा धडधाकट आहे.

आता आमची आठ वर्षांची लेक. जेवताना म्हणते, "कॅन आय हॅव मोअर वरण ऑन माय भात?" काका फोनवर खूश, पोरीने शब्द किती छान टिकवलेत! मला मात्र ॲपलबीचा म्हातारा आठवतो. त्याच्या बोलीला मोडकी म्हणायची माझी छाती नाही. नातू बादली भरून घेऊन आला, काम झालं. पण लेकीच्या ताटात मला वरणभातापेक्षा ते 'वर' हवंय.

म्हणून काल तिला म्हटलं, 'ऑन माय भात' नाही, 'भातावर' म्हण.

"ओके बाबा. ऑन माय भातावर."