उन्हाच्या हॉलमध्ये ओएलईडी टीव्ही घेताना थांबा जरा
टीव्ही कोणता घ्यावा यावरच्या लेखात 'बजेट असेल तर डोळे झाकून ओएलईडी घ्या' म्हटलंय ते नाही पटलं. चित्राला तोड नाही हे मान्यच, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो नि विझतो त्यामुळे काळा खरंच काळा दिसतो. पण आमच्या हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी, दुपारी ऊन थेट आत, त्यात आई-बाबांचं न्यूज चॅनल दिवसभर चालू, खाली तीच पट्टी कोपऱ्यात तोच लोगो, असं वर्षानुवर्षं चाललं की ओएलईडीवर त्याचा कायमचा डाग उमटायचा धोका असतो म्हणून आम्ही मिनी एलईडी (पडद्यामागे अगदी बारीक एलईडी दिवे असलेला, उन्हातही उजळ दिसणारा टीव्ही) घेतला.

आणि क्यूएलईडी नावावर जाऊ नका, तो मुळात एलसीडीच, म्हणजे पिक्सेल स्वतः उजळत नाहीत, मागे एलईडीचा बॅकलाइट नि मध्ये क्वांटम डॉटचा (रंग खुलवणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा) थर. रंग छान येतात पण लोकल डिमिंग (चित्राच्या गडद भागामागचेच दिवे मंद करायची सोय) नसेल तर रात्रीच्या सीनमध्ये काळा राखाडीच दिसतो. दुकानात पॅनल व्हीए की आयपीएस (एलसीडी पडद्याचे दोन प्रकार) तेपण विचारा. व्हीएचा कॉन्ट्रास्ट चांगला, पण बाजूला बसणाऱ्याला रंग फिके दिसतात, मॅचला घर भरलं की आमच्याकडे हे लगेच जाणवतं.