सायकलवरची मांत्रिक बाई आणि आमच्या दीदी

अभिनेत्री सुलोचनादीदी ४ जून २०२३ ला गेल्या. तेव्हापासून जून उजाडला की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच वाद: दीदींना फाळके पुरस्कार का नाही दिला? यंदा कोल्हापूरच्या मावशीने मलाही त्यात ओढलं. "पद्मश्री झालं, महाराष्ट्रभूषण झालं. पण दिल्लीला आईच्या भूमिका दिसतच नाहीत बघ. तुमच्या लंडनात कसं, चरित्र नटीलाही डोक्यावर घेतात." (दुर्गाबाई खोट्यांना १९८३ चा फाळके मिळाला होता, पण हे मावशीला सांगायची माझी हिंमत नाही.)

डोक्यावर घेतात हे खरं. इथली चरित्र अभिनेत्री मार्गारेट रदरफोर्ड आधी पियानो शिकवायची. लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहाच्या रंगमंचावर पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. लोंबते गाल, बटबटीत डोळे; नायिका करायचा प्रश्नच नव्हता. १९४१ मध्ये नोएल कॉवर्डच्या 'ब्लाइद स्पिरिट' नाटकात तिने मृतात्म्यांशी बोलणारी मादाम आर्काती केली. प्रेक्षक हसून बेजार होतात, पण ही बाई त्या मांत्रिकिणीची एकदाही टिंगल करत नाही. भुतं बोलवायची तीही पोस्टात पत्र टाकायला निघाल्यासारखी, मन लावून. पुढे सत्तरी ओलांडल्यावर सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, १९६७ मध्ये 'डेम' किताबही.

पण ते ऑस्कर माझ्या मुलीला कुठे माहीत आहे? तिला माहीत आहे ती रविवारी दुपारी टीव्हीवर दिसलेली, सायकल मारत येणारी म्हातारी. १९४१ चं नाटक त्या रात्रींबरोबर संपलं. दिग्दर्शक डेव्हिड लीनने १९४५ च्या चित्रपटात तीच भूमिका तिलाच दिली, म्हणून आर्काती उरली. आणि २००८ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने लीनच्या सुरुवातीच्या चित्रपटांच्या प्रिंट्स निगुतीने दुरुस्त केल्या, म्हणून ती आजही लख्ख दिसते. इथे सगळं जपतात असंही नाही. बीबीसीने कित्येक जुन्या टेपा पुसून त्यांवर नवे कार्यक्रम भरले.

मग लेकीला दीदी दाखवाव्यात म्हणून बसले. हिंदीतली आई लगेच सापडली, डोळे पुसणारी. पण मराठीत त्या नायिका होत्या, 'वहिनींच्या बांगड्या'मधल्या, 'मोलकरीण'मधल्या, हे तिला कसं पटवायचं? संध्याकाळभर शोधून गाणी आणि तुकडे हाती आले. अख्खा, स्वच्छ, सबटायटल असलेला एकही चित्रपट नाही. भालजी पेंढारकरांच्या ज्या जयप्रभा स्टुडिओत दीदी घडल्या, तो १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत पेटला होता. त्या आगीत गेलं ते गेलं. पण नंतरच्या पंचाहत्तर वर्षांत जे नुसतं धूळ खात पडलं, त्याला कुणी आग लावली नव्हती.

म्हणून मला फाळकेच्या वादात रस वाटत नाही. सही-मोहीम करायचीच असेल तर दीदींच्या दहा मराठी चित्रपटांच्या प्रिंट्स नीट करून घराघरांत दिसाव्यात यासाठी करा. मी पहिली सही करते, वर्गणीही देते.

हे ग्रुपवर टाकलं तर सगळे गप्प. मग मावशीला वेगळं विचारलं, 'वहिनींच्या बांगड्या' तू शेवटचा कधी पाहिलास?

दुसऱ्या दिवशी तिचा व्हॉइस मेसेज आला. "अगं, लहानपणी, जत्रेत, तंबूत. मध्येच रीळ तुटलं, आणि तुझ्या आजोबांनी घरी नेलं. पुढं काय झालं ते राहिलंच बघायचं."