‘फोर बाय फोर आहे, मग कसली काळजी?’

मे महिना लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि ट्रेकच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला. त्यातला एक भाच्याने पाठवला होता, खाली लिहिलं होतं, ‘मामा, जूनमध्ये निघायचं का?’ त्याने नुकतीच थार घेतली आहे. मेसेजमध्ये म्हटलंय ते थोडक्यात असं: गाडी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी, असेल तर लडाख-स्पितीतली कुठलीही खिंड सिंहगडाच्या घाटासारखी चढता येते, मनाली सोडलं की फोर बाय फोर लावूनच ठेवावं, अशी गाडी उतारावर लवकर थांबते, नाला दिसला की वेग वाढवून पाणी कापावं, आणि उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्सच्या गोळ्या व ऑक्सिजनचा डबा जवळ असला की दोन दिवसांत लेह गाठता येतं. भाच्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतोय, कारण यातल्या काही गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत.

सिंहगडापासून सुरुवात करू. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, सिंहगड १,३०० मीटरच्या आसपास. कुंझुम ला (‘ला’ म्हणजे खिंड) साडेचार हजार मीटरच्या वर आहे आणि खारदुंग ला ५,३५९ मीटर. (खिंडीतल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, प्रत्यक्षात ती उंची सुमारे १७,६०० फूट भरते.) तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या जवळजवळ निम्मा असतो. इंजिन नुसत्या इंधनावर चालत नाही, त्याला हवा लागते. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या पेट्रोल गाडीची ताकद त्या उंचीवर जवळपास अर्ध्यावर येते. टर्बो असेल तर घट कमी, पण तीही जाणवतेच. चारही चाकं फिरवून ही घट भरून निघत नाही. चढाला खरा आधार मिळतो तो लो रेंजचा, म्हणजे गिअर आणखी हळू आणि जोरकस करणाऱ्या जोडणीचा, कारण त्यात चाकांवर येणारा जोर दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. फोर बाय फोर आणि लो रेंज या दोन वेगळ्या गोष्टी एकाच दांड्यावर बसवलेल्या असल्यामुळे लोकांचा गोंधळ होतो.

मनालीपासून फोर बाय फोर लावून ठेवणं तर गाडीला मारणं आहे. थार, जिम्नी, गुरखा या गाड्यांत फोर बाय फोर लावलं की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांशी घट्ट बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. खडीवर किंवा बर्फावर चाक जरासं घसरून तो फरक सोडवून घेतं. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, आणि सगळा ताण शाफ्टवर आणि ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) चढत जातो. मनाली-लेह रस्त्यावर गाटा लूप्सची २१ वळणं आहेत. तिथे डांबरावर फोर बाय फोर लावून चढणाऱ्याचं स्टिअरिंग जड होतं, गाडी आखडते, आणि तो समजतो की उंचीमुळे असं होतंय.

आता ब्रेक. ‘फोर बाय फोर लवकर थांबते’ हे वाक्य मी गॅरेजमध्येही ऐकलंय, म्हणून जरा थांबतो इथे. ब्रेक प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतात, तुमच्या साध्या हॅचबॅकलासुद्धा. फोर बाय फोर इंजिनाची ताकद चार चाकांना वाटतं. त्याचा उपयोग गाडी पुढे ओढायला. बर्फावर अशी गाडी झपकन निघते, तेव्हा चालकाला वाटतं पकड उत्तम आहे. पहिल्या वळणावर ब्रेक दाबल्यावर कळतं की टायरखाली काहीच नाही. मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच: सुट्या खडीच्या तीव्र उतारावर लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाची ओढ चारही चाकांवर येते आणि गाडी सावकाश, सरळ उतरते. तिथे फोर बाय फोर जरूर लावा. ही किमया इंजिनाची आणि गिअरची आहे, म्हणूनच उतारावर न्यूट्रल टाकून डिझेल वाचवायची सवय आधी सोडा. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना इंधन आपोआप बंद होतं. न्यूट्रलमध्येच ते जळत राहतं.

आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ब्रेक हलका लागतो तो व्हॅक्यूम बूस्टरमुळे, आणि बूस्टर चालतो बाहेरच्या हवेच्या दाबावर. दाब निम्मा झाला की त्याची मदतही तितकीच घटते, पेडल जड लागतं. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर बघायलाच नको. डॉट ४ ब्रेक ऑइलला नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळी येत नाही, पण हवेतलं पाणी शोषलेलं असेल तर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. पुण्यातले दोन-तीन पावसाळे काढलेलं ऑइल घेऊन लांब उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवलात, की एका क्षणी पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

नाल्याबद्दल पुणेकराला समजावणं सोपं जावं. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बंद होतो, आणि तिथून गाडी घालायचं शहाण्या माणसाच्या मनातही येत नाही. स्पितीकडे जाणाऱ्या ग्रांफू-बातल रस्त्यावर धरणाच्या जागी सूर्य असतो. बर्फ दिवसभर वितळतं आणि दुपारनंतर नाले फुगतात. सकाळी सातला घोट्याएवढं असलेलं पाणी चारला गुडघ्याच्या वर जातं, आणि खालचे धोंडेही जागा बदलतात. म्हणून नाले सकाळी ओलांडायचे. पाणी गढूळ असेल तर आधी दुसऱ्या कुणाची गाडी जाऊ द्यायची, लाट बसू द्यायची, मग लो रेंजमध्ये एकाच संथ गतीने, क्लच न दाबता. वेग वाढवला की पाणी बॉनेटवर चढतं, एअर फिल्टरमधून इंजिनात शिरतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, मग पिस्टनचा दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकतो. कंपनीने सांगितलेली मर्यादा थारला ६५० मिलिमीटर आहे, जिम्नीला फक्त ३००. तीही वाहत्या पाण्याला लावून चालत नाही, कारण प्रवाह गाडीला बाजूने ढकलतो.

वाटेत गर्दी झाली म्हणून रस्ता सोडून गवतात, नदीपात्रात गाडी उतरवणाऱ्यांबद्दल एवढंच म्हणतो: तिथल्या थंड वाळवंटात चाकाचा व्रण वर्षानुवर्षं बुजत नाही. आणि अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा नुसता शिष्टाचार नाही, नियम आहे.

शेवटचा मुद्दा दोन दिवसांत लेहचा. इथे गाडी जितकी चांगली तितका धोका जास्त, कारण ती तुम्हाला शरीराच्या वेगापेक्षा लवकर वर नेते. अटल बोगद्याने ऑक्टोबर २०२० पासून रोहतांगचा चढ वाचवला, तेव्हापासून तर मनालीहून निघून संध्याकाळी लेहच्या वाटेवरच्या सरचूला पोचणं सहज जमतं. मनाली २,०५० मीटर, सरचू जवळजवळ ४,३००. डॉक्टर सांगतात की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये.

बोगदा नव्हता तेव्हा आम्हीही पहाटे निघून रात्री सरचूलाच मुक्काम केला होता. गाडी फोर बाय फोर, टायर नवे, सगळं सामान चोख. मध्यरात्री मित्राचं डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या, आणि तंबूतून बाहेर येताना तो दारू प्यायल्यासारखा झोकांडत होता. टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं, चार पावलंही जमेनात. मेंदूला सूज येत असल्याची ही खूण असते आणि त्यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं. पण सरचूहून केलाँगकडे उतरायचं तर आधी बारालाचा ला चढावी लागते, आणि लेहकडे जायचं तर त्याहून उंच लाचुंग ला. आम्ही अंधारात, जवळचा ऑक्सिजन त्याच्या नाकाला लावून, बारालाचा ओलांडली. जिस्पाला पोचेपर्यंत उजाडलं होतं. तो वाचला. त्या रात्रीनंतर सरचूला मी मुक्काम केलेला नाही.

डायमॉक्स शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते, तीही चढायच्या आदल्या दिवसापासून आणि डॉक्टरांना विचारून. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय हातही लावू नये. दुकानात मिळणारा ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो.

भाच्याने आता आठऐवजी चौदा दिवसांची रजा टाकली आहे. श्रीनगर-कारगिलमार्गे जायचं, लेहमध्ये पहिले दोन दिवस गाडीची किल्ली माझ्याकडे, आणि खारदुंग ला चढली तरी मुक्काम पलीकडे खाली नुब्रात, असं ठरलंय. शनिवारी तो थार घेऊन येतोय, आधी ब्रेक ऑइल बदलून घेणार आहोत.