पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो मेसेज थांबवा

कालपासून ग्रुपवर फिरतंय की जुनं सामान ऑनलाईन विकलं की गिऱ्हाईकाने पाठवलेला क्यूआर स्कॅन करून यूपीआय पिन टाकायचा, मग पैसे जमा होतात. हे साफ चुकीचं आहे. पिन लागतो पैसे पाठवताना किंवा बॅलन्स बघताना, घेताना कधीच नाही. आईचं शिलाई मशीन विकायला टाकलं होतं तेव्हा मलाही असाच क्यूआर आला, स्कॅन केला तर समोरच्याचं नाव, खाली ४,००० रुपये आणि ‘पे’चं बटण, म्हणजे पैसे माझेच जाणार होते, तिथेच बंद केलं. ऑनलाईन जरूर विका, भंगारवाल्यापेक्षा भाव चांगला मिळतो. पण तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करा, आणि कुणाचे पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा.