सातशे तीस पावले आणि वकिलांचा नकाशा

वकिलांची तक्रार नेहमीप्रमाणे पुराव्यानिशी होती. सध्या गाजत असलेल्या त्या महानगरी कादंबरीचा नायक स्टेशनच्या पश्चिमेला उतरतो आणि पुढच्याच परिच्छेदात पूर्वेकडच्या पुलाखाली उभा असतो, एवढ्यावरून त्यांनी अख्खे पुस्तक निकालात काढले होते. ज्याला रस्ते ठाऊक नाहीत त्याने शहरावर कादंबरी लिहू नये, हा त्यांचा निवाडा. वकील कादंबरी वाचत नाहीत, तिची उलटतपासणी घेतात, हे आम्हाला नवे नाही.

“मग तुम्हाला जेम्स जॉइस आवडायला हवा,” शैला म्हणाली. त्याच्या ‘युलिसिस’ या कादंबरीचा नायक ब्लूम किल्ली विसरतो आणि कठडा ओलांडून, खाली उतरून आपल्याच घरात शिरतो. डब्लिनपासून दूर बसून हे लिहिणाऱ्या जॉइसने आपल्या मामीला पत्र पाठवून, एक्लीस स्ट्रीटवरच्या सात क्रमांकाच्या घराचा कठडा साधारण माणसाला खरोखर असा ओलांडता येईल का, याची खातरजमा केली होती.

वकील इतके खूश झाले, की जणू ती मामी त्यांनीच साक्षीला आणली होती. शैलाने मात्र त्यांना फार वेळ खूश राहू दिले नाही. “कठड्याचं माप बरोबर आहे म्हणून १९२२ सालचं ते पुस्तक आज कोणी वाचत नाही, वकीलसाहेब. बायको वर झोपलेली, किल्ली कालच्या विजारीत राहिलेली आणि मध्यरात्र उलटल्यावर स्वतःच्याच घरात चोरासारखं उतरायची पाळी आलेली, म्हणून त्या कठड्याला अर्थ आहे. नाहीतर डब्लिनमध्ये कठडे काय थोडे होते?”

अण्णांना रशियन कादंबऱ्यांवर यायला एवढे निमित्त पुरले. दस्तयेव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’चा नायक रास्कोल्निकोव्ह घरमालकिणीचे भाडे थकल्यामुळे तिला चुकवत जिना उतरतो आणि बाहेर पीटर्सबर्गचा जुलै असतो: उकाडा, चुना, विटा, धूळ आणि गुत्त्यांची दुर्गंधी. नेव्हाच्या पुलावरून राजधानीचा भव्य देखावा दिसतो, तोही त्याला थंडगारच वाटतो. ज्या सावकारणीचा तो कुऱ्हाडीने खून करणार असतो, तिच्या घरापर्यंतची पावले मात्र त्याने मोजून ठेवलेली असतात, बरोबर सातशे तीस. शैलाचे म्हणणे नेमके हेच होते की, कोणाच्या पायांनी हिंडायचे हे कादंबरीकाराने एकदा ठरवले की निम्मे शहर आपोआप गळून पडते आणि उरलेले निम्मे रंगवायला धाडस लागते. भाऊ पाध्यांनी ‘वासूनाका’त नाक्यावरच्या पोरांची मुंबई त्यांच्याच तोंडच्या भाषेत लिहिली, तेव्हा आचार्य अत्र्यांनी किती आग पाखडली होती!

“‘वासूनाका’ मुळात कादंबरीच नाही, त्या कथा आहेत,” वकिलांनी जुना दावा पुन्हा दाखल केला. त्यावर, आपली प्रत ते वाचायला घेऊन गेले होते आणि ती प्रत्येक शिवीखाली पेन्सिलीची रेघ ओढून परत आली होती, याची शैलाने आठवण करून दिली. त्या रेघा संदर्भासाठी होत्या, हा खुलासा हशात वाहून गेला.

ती गाजणारी महानगरी कादंबरी शैलालाही आवडली नव्हती, पण तिचे कारण वेगळे होते, आणि मला विचाराल तर तेच खरे होते. “त्या नायकाला शहरात येऊन संपूर्ण कादंबरीत एकदाही भाडं भरावं लागत नाही, खोलीसाठी कोणाचं तोंड बघावं लागत नाही, गर्दीत कोणाचा धक्कासुद्धा लागत नाही. ते तुमच्या नजरेतून सुटलं, आणि पूल तेवढा सापडला.”

वकील थोडा वेळ गप्प राहिले. मग, इथून आपल्या घरापर्यंत पावले किती भरतात ते आज मोजूनच जातो, असे जाहीर करून ते उठले.

“मोजा की,” अण्णा म्हणाले, “पण येताना कुऱ्हाड आणू नका.”